चाळीस वर्षांचं नाव

लेकीने टाकलेल्या व्हिडिओंमुळे घड्याळवाले काका गाजू लागले, तोच एका शिक्षिकेने खाली लिहिलं, "यांनी दुरुस्त केलेलं वडिलांचं घड्याळ दोन दिवसांत बंद पडलं." लेक घाबरली. "बाबा, कमेंट उडवून टाकू?" "मुळीच नको. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव पुसापुशीने टिकत नाही. बाईंना बोलाव, सगळं लाइव्ह दाखव." दुसऱ्या दिवशी हजारो लोकांदेखत काकांनी बाईंसमोर घड्याळ उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि आत वाकून पाहिलं. चाकांत पांढरा केस अडकला होता. त्यांच्याच भुवईचा. तो चिमट्याने उचलून त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. "चूक माझीच. माफ करा, बाई." लेकीने डोळे मिटले. घड्याळ टिकटिकू लागलं. बाई खळखळून हसल्या. त्यांनी पर्समधून दुसरं घड्याळ काढलं, तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला. "हे आईचं. आधी भुवया कापून घ्या!"