काचेतली मरियामाता

चर्चचं छत गळायला लागलं, तेव्हा म्युझियमवाल्यांनी सागवानी मरियामाता उचलून नेली म्हणून ती वाचली, हे पास्कलकाकाही नाकारत नव्हते. त्यांचा सगळा राग होता तो काचेवर. त्यांच्या बायकोची, एलिझाबाईंची, नजर शुगरनं गेलेली. आणि लहानपणापासून मरियामातेच्या पायाच्या अंगठ्याला हात लावल्याशिवाय बाईंची प्रार्थना पुरी होत नसे. अख्ख्या वस्तीचीच ती सवय.

बर्डीपर्यंत मेट्रो, पुढं ऑटो, असे काकांनी सहा हेलपाटे घातले. कधी साहेब रजेवर, तर कधी अर्ज भलत्याच टेबलावर.

"काचेतून छान दिसते की, काका," क्लार्क म्हणाला.

"तिले दिसत असतं, तर मी काहून इथं चपला झिजवून राहिलो असतो गा?" काका कडाडले.

सातव्या खेपेला परवानगी मिळाली. एलिझाबाईंचे हात धुवून, पुसून झाले. साहेबांनी स्वतः काच सरकवली. बाईंनी मरियामातेचा पाय चाचपला, पुन्हा एकदा चाचपला आणि हात मागे घेतला.

"हे आपली मरियामाता नाही जी. चला घरी."

काका साहेबांवर उखडले, "मूर्ती बदलली तुम्ही!"

"तीच आहे हो," साहेब कौतुकानं मूर्तीकडे बघत म्हणाले.



"फक्त लोकांनी हात लावून लावून अंगठा पार झिजवला होता, तो आम्ही नवा बसवला."