दाराशी ठेवलेल्या चपला

"चपला इथं काढा अन् मागच्या दारानं गुपचूप निघा. लेकराकडं वळून पाहाचं नाही," वंदनाबाई नव्या आयांना बजावत होत्या.

अंगणवाडीत पहिल्यांदा आलेल्या पोरांसाठी त्यांचा हा ठरलेला उपाय. लेकरानं भोकाड पसरलं की त्याला दाराशी न्यायचं अन् म्हणायचं, "हे पाह्य, मायची चप्पल हाय ना? मंग माय कुठी जाते?" चप्पल ओळखीची असायची. लेकरू हुंदके देत का होईना, खाली बसायचं. धाड गावच्या त्या गल्लीत अठरा वर्षं हे खोटं बिनबोभाट चाललं होतं, कारण दुपारी बाराला आया येऊन ते खरं करून द्यायच्या.

आज सहा पोरं नवी होती. पाच जणांनी छप्पर डोक्यावर घेतलं. सहावी महनूर, तीन वर्षांची, आईचा हात घट्ट धरून नुसती बघत होती. बाकीच्या आया हुशार, घरातल्या झिजलेल्या चपला घालून आलेल्या. महनूरच्या आईनं, आसमानं, मात्र सोनेरी पट्ट्याच्या कोऱ्या चपला काढून ठेवल्या.

"अवो, नव्या काऊन ठेवता?" मदतनीस सोजराबाई म्हणाली. "जुन्या आणाच्या ना!"

"ह्याच आवडते तिले." आसमा वंदनाबाईंकडे वळली. "बाई, किती दिवस ठेवा लागते?"

"आठ दिवस. मंग सवय होते. मायची याद बी येत नाही लेकराले."

"खरंच?"

"मी काय आजकाल करून राह्यली का हे?"

आसमानं मान हलवली. लेकीच्या वेणीची रिबीन सोडली, पुन्हा बांधली. मग वळून न पाहता मागच्या दारानं गेली. इतकी शहाणी आई वर्षातून एखादीच भेटते, म्हणून वंदनाबाई मनातून खूष झाल्या.

महनूर सकाळभर रडली नाही. खिचडी खाल्ली, मधूनमधून दाराकडे पाहिलं, पुन्हा खेळू लागली.

बारा वाजले. आया आल्या, आपापल्या चपला पायात सरकवून पोरं घेऊन गेल्या. सोनेरी पट्ट्याच्या तेवढ्या राहिल्या. साडेबाराला आसमाची आई अजीजुन्निसा आली, धापा टाकत.

"आसमा कुठी हाय?" वंदनाबाईंनी विचारलं.

म्हातारीनं त्यांना बाजूला घेतलं. "गेली. सकाळच्या जीपनं, जळगाव जामोदले. आज निकाह हाय तिचा, दुसरा. थो माणूस म्हणते, पोरगी नको."

"अन् हे आता सांगता तुम्ही? मले सकाळी काऊन नाही सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं, बाई? महिनाभर घरून निघाले पाहे आसमा. पोरगी पायाले मिठी मारून बसे, सोडेच ना." म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "तुमच्या इथूनच निघता आलं तिले."

"अनवाणी गेली?"

"हाव."

"येईन ना पण कधी? भेटाले तरी?"

"येऊ देत नाही थो. अन् मी तरी किती दिवसाची?"

अठरा वर्षांत एकदाही वंदनाबाईंना आपल्या खोट्याची लाज वाटली नव्हती. आज ती अशी वाटली, की पोरीकडे बघवेना. निदान चपला तरी म्हातारीच्या हाती द्याव्या म्हणून त्या दाराशी वाकल्या.

"बाई, हात नको लावू," महनूर आतून ओरडली. "अम्मीच्या हाय त्या."

"चाल बेटा, घरी जाऊ," आजी म्हणाली.

"तू जा. मी अम्मीसंग येतो."

ती उठून दाराशी आली. ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलं होतं. तिनं एका चपलेवर तळहात ठेवला अन् चटकन काढून घेतला.

"भाजते," ती म्हणाली. दोन्ही चपला उचलून तिनं सावलीत नीट जोडीनं ठेवल्या, अन् पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली.