बेइमान खंड्या

टीव्हीवरच्या सिनेमातला कुत्रा दोन डोंगर, एक नदी ओलांडून मालकाच्या दारात पोचला, तेव्हा घरात सगळ्यांत मोठ्याने हुंदका दिला तो तात्यांनी.

"आजोबा, तुमचा खंड्या का नाही आला परत?" नातीने विचारलं.

चाळीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं उत्तर तयार होतं. "बदली झाली आणि पळाला बेइमान. पुन्हा तोंड दाखवलं नाही." खंड्याला पोत्यात घालून धरणापलीकडे सोडून आलेला सरकारी कारकून या गोष्टीत कधीच नसे. चौथ्या दिवशी सामानाचा ट्रक निघाला, तेव्हा बाजूच्या आरशात लंगडत धावणारा खंड्या दिसला होता, हेही नसे. ड्रायव्हरशेजारी बसलेले तात्या तेव्हा एवढंच म्हणाले होते, "दाबा जरा, उशीर होतोय."

आजीने रुमाल पुढे केला. "आला होता गं," ती नातीला म्हणाली. "फाट्यापर्यंत धावला बिचारा. मी मागे सामानात शिलाई मशीन धरून बसले होते ना. उतरल्यावर यांनी विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, धूळ गेली."

तात्यांनी रुमाल घेतला. डोळ्यांना लावायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.