दुप्पट मेमरी

मुकुंदरावांनी स्टॉपवॉच दाबलं. गिरणीच्या कॉम्प्युटरची मेमरी काल दुप्पट झाली होती. हजेरीची यादी काढायला पूर्वी बेचाळीस मिनिटं लागायची. आता किती लागतात, ते दुपारी चारला मालक स्वतः बघणार होते. ही सकाळची रंगीत तालीम, जुन्याच कार्डांवर. मशिनला हळदकुंकू झालं होतं, जास्वंदीचा हार होता. नारळ तेवढा बाहेर पायरीवर फोडला. आत पाणी उडायचं भय.

यादी संपली. एक्केचाळीस.

"बघा, एक मिनिट वाचलं की!" मुकुंदराव म्हणाले. रिपोर्ट त्यांनी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवला होता. त्यात 'निम्मा वेळ' होता. वेळ निम्मा, म्हणून कार्डांना भोकं पाडणाऱ्या दोन बायकांपैकी एक कमी. कमी केल्याचा कागद त्यातल्या दुर्गाच्या हातात सकाळी आल्याआल्या पडला होता.

"माझं काय चुकलं वो, साहेब?" तिनं दारातूनच विचारलं.

"तुमचं काही नाही हो. मशिन हुशार झालं."

तिच्यामागून दुसरी आली, पद्मजा. या खोलीत चपला बाहेर काढायची रीत होती. पद्मजा चपलांसकट आली.

"एकनाथ, हे मिनिटाला कार्डं किती वाचतं?"

मशिन चालवणाऱ्या एकनाथनं आधी साहेबांकडे पाहिलं. "शंभर."

"आणि मेमरी वाढायच्या आधी?"

"शंभरच."

"कार्डं चार हजार, हजर माणसामागे एक. म्हणजे चाळीस मिनिटं नुसती गिळण्यात जातात, साहेब! डोकं दुप्पट केलंत, तोंड तेवढंच ठेवलंत. आणि त्यापायी हिला घरी बसवता?"

"पद्मजाबाई, मेमरी कशाशी खातात ते कळतं का तुम्हाला?"

"मला भागाकार कळतो."

मुकुंदरावांचे कान लाल झाले. "रिपोर्ट गेलाय. चारच्या आत कालच्या हजेरीची कार्डं मला टेबलावर पाहिजेत."

"माझी दोन हजार मी देते. दुर्गाची दोन हजार तिनं करायची नाहीत, असं तुमचंच लेखी आहे."

"द्या, द्या. पुढचं मशिन बघून घेईल."

पद्मजा जागेवर गेली आणि दिवसभर मान वर न करता पंच करत राहिली. शेजारची खुर्ची रिकामी होती. पावणेचारला तिनं आपली दोन हजार कार्डं मोजून एकनाथच्या हातात दिली. एकनाथनं ट्रे बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि कार्डं मशिनमध्ये लावली.

चारला मालक आले. मशिन खडखडलं, छापलेल्या कागदाची घडीवर घडी पडत गेली, आणि मशिन थांबलं.

"एकवीस मिनिटं!" मुकुंदरावांनी स्टॉपवॉच मालकांच्या नाकासमोर धरलं. "निम्म्याहून बघा, सेकंदभरही जास्त नाही!"

"शाब्बास," मालक म्हणाले. त्यांनी कागदाचं शेवटचं पान उलटलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

हजर, दोन हजार. गैरहजर, दोन हजार.

भिंतीपलीकडे सगळे माग धडधडत होते.

"मुकुंदराव," मालकांनी विचारलं, "काल अर्धी गिरणी कुणी चालवली हो?"