पुतळा खोटं बोलत नाही

"छातीत दुखतंय का?" मी विचारलं आणि सवयीने छताकडे पाहिलं. सहा महिने नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये रबरी पुतळ्यावर हात बसवला होता. पुतळ्याची उत्तरं छतातल्या स्पीकरमधून यायची; काचेपलीकडे बसून आमच्या शिक्षिका मार्लिसबाईच ती द्यायच्या.

"वर काय बघतेस पोरी? मी इथे खाली आहे," खाटेवरून वासिलिक आजोबा म्हणाले. "आणि काही दुखत-बिखत नाही. न्यूमोनिया उतरलाय, उद्या सस्काटूनला घरी जायचंय. शनिवारी नातीच्या लग्नात कोरोवाय पाव मीच कापणार. उगाच अडकवू नका मला."

'दुखत नाही' असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. त्यांच्या कपाळावर घाम होता. मूठ छातीवर दाबलेली होती. तोंड एक सांगत होतं, मूठ भलतंच. पुतळा असा कधी वागला नव्हता.

मार्लिसबाई उशाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं बोट भिंतीवरच्या तातडीच्या बेलपाशी होतं.

"बाई, यातलं खरं काय धरू?"

"मला काय विचारतेस? आज त्यांच्या तोंडून मी बोलत नाहीये."

त्यांच्या बोटाआधी माझं बोट बेलवर पडलं.

"चहाडखोर कुठली!" आजोबा खेकसले, आणि छातीवरची मूठ सोडून त्यांनी माझा हात घट्ट धरला.