लार्कवेलचा गिब

"हा आमचा!" असं म्हणून ग्रिमशॉट जहागिरीच्या कारभाऱ्यानं भर बाजारात गिबची मानगूट धरली, ती मेयरच्या कचेरीत पोचेपर्यंत सोडली नाही.

आणखी दोन घटका उशीर झाला असता तर त्याला हात चोळत परत जावं लागलं असतं. कायदाच तसा होता. जहागिरीतून पळालेला वेठबिगार शहराच्या तटबंदीआड एक वर्ष आणि एक दिवस टिकला, की तो मोकळा. मग त्याला कुणाच्या बापालाही परत नांगराला जुंपता येत नसे. गिबचं वर्ष काल भरलं होतं. वरचा एक दिवस आज संध्याकाळच्या घंटेला भरणार होता.

"मेयरसाहेब, हा ग्रिमशॉटचा गिब," कारभारी म्हणाला. "आमच्या धन्याचा नांगऱ्या. दाढी वाढवली म्हणजे मी ओळखणार नाही होय?"

"मी लार्कवेलचा," गिब म्हणाला. वर्षभर तो हेच म्हणत आला होता.

आता खरं सांगायचं तर लार्कवेल नावाचं गाव अख्ख्या इंग्लंडात नव्हतं. वर्षापूर्वी वेशीवरच्या दारवानानं विचारलं होतं, "गिब? गिब आमच्याकडे दोन आहेत. तू कुठला?" तेव्हा डोक्यावर लार्क पक्षी गात होता आणि समोर वेल, म्हणजे विहीर होती. गिबनं दोन्ही जोडली आणि उभ्या उभ्या गाव वसवलं.

पण गाव वसवणं सोपं, चालवणं अवघड. त्यातून त्याला काम मिळालं ते मॉडकडे. मॉड विधवा होती, बिअर बनवून विकायची. गिब तिची पिंपं वाहायचा आणि ती त्याचं डोकं खायची.

"काय रे, तुमच्या चर्चला मनोरा आहे की नुसतंच छप्पर?"

"मनोरा आहे, मावशी. जरा कललाय."

"आणि पाद्री? नाताळात डाव्या पायानं लंगडत होता. आज उजव्यानं लंगडवलास. थकला की पाय बदलतो वाटतं?"

गिऱ्हाइकं बाकांवर लोळून हसायची. नांगरामागे फुटला नव्हता इतका घाम गिबला या बाईपुढे फुटायचा. तिनं विचारलं म्हणून लार्कवेलला पाणचक्की आली, चावरी बदकं आली. एक ओढाही आला, तो गुडघाभर पाण्यातून ओलांडावा लागे. वर्ष सरता सरता गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही लार्कवेलची वाट पाठ झाली होती.

"चार परगणे पायांखाली घातलेत मी," कारभारी मेयरला सांगत होता. "लार्कवेल कुठेच नाही. आता गावच नाही, तर त्या गावचा माणूस कुठून येणार?"

मेयरनं दाढी खाजवली. बोलणं बिनतोड होतं. त्यानं जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "लार्कवेल कुणाला माहीत आहे?"

झाडून सगळे हात वर झाले.

"ऐकलेलं नको. डोळ्यांनी कुणी पाहिलंय? त्यानं पुढे यावं, बायबलवर हात ठेवून सांगावं."

हात खाली आले. गिब सगळ्यांचा लाडका होता, पण खोट्या शपथेला नरक ठरलेला. एका पिंपवाल्यासाठी कोण तिथं तळून घेणार? जो तो आपापले जोडे न्याहाळू लागला. गिबच्या डोळ्यांपुढे ग्रिमशॉटची ओली ढेकळं उभी राहिली.

तेवढ्यात गर्दीतून मॉड पुढे आली.

'मेलो,' गिब मनात म्हणाला. बिअर आंबली तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांगून टाकणारी बाई ही! तिच्या तोंडून खोटा शब्द कुणी ऐकला नव्हता. गिबनं डोळे मिटून घेतले.

मॉडनं बायबलवर हात ठेवला. "मी पाहिलंय लार्कवेल," ती म्हणाली. "नवरा होता तेव्हा गेलो होतो आम्ही. चर्चचा मनोरा कललाय. पाद्री लंगडा, डाव्या पायानं. ओढ्यावर दोन कमानींचा पूल आहे. त्यावरून उतरले तर बदक चावलं मेलं."

'पूल नाही, मावशी, पाण्यातून जावं लागतं,' असं अगदी गिबच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते कसंबसं गिळलं.

"बाई खोटं बोलते!" कारभारी ओरडला.

"मॉड?" मेयर म्हणाला, आणि सगळी कचेरी खो खो हसली. हसू ओसरायच्या आत घंटा झाली. कारभाऱ्यानं मानगूट सोडली.

परतल्यावर मॉडनं गिबपुढे बिअरचा पेला भरून ठेवला. त्याच्या हातून तो उचलवेना.

"मावशी, तुला सगळं ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. तुला खोटं बोलायचा सराव नव्हता रे. म्हणून तर रोज घोकून घेत होते."

"पण माझ्यापायी बायबलवर हात ठेवून... आता तुला नरक..."

"तोंड सांभाळ. मी खोटं बोलले नाही, फक्त जरा लवकर बोलले. आता ते खरं करायचं काम तुझं. आजपासून ओढ्यावर पूल आहे, ध्यानात ठेव. आणि लग्न कर. पोरांना नुसतं गिबची पोरं म्हणू देऊ नकोस, लार्कवेल आडनाव लाव. नातवंडांना तेच, पतवंडांनाही तेच. या शहरात एक जरी लार्कवेल हिंडताना दिसला, तरी ते गाव नाही म्हणायची सैतानाचीसुद्धा छाती होणार नाही."

गिबनं मान डोलावली आणि पेला तोंडाला लावला.

"अरे, पितोस काय बसून?" मॉड म्हणाली. "बायको बघ आधी. माझं वय झालंय, देवापुढे उभं राहायला फार दिवस नाहीत."