प्लेगमधली हजेरी

विद्यापीठाच्या जिमखान्यात काम करून शिकणाऱ्या पोरांमधून 'उत्कृष्ट विद्यार्थी कर्मचारी' म्हणून भटूचं नाव पुकारलं, तेव्हा दुसरा कुणी भटू आहे का, ते त्याने आधी मागे वळून पाहिलं.

संचालक नायकसाहेब माइकवर सांगत होते, "प्लेग आला आणि अख्खी सुरत तोंडाला रुमाल बांधून पळाली. ड्यूटीवर राहिलो फक्त दोघं, मी आणि हा भटू. हजेरीबुकात रोजच्या सह्या आहेत."

त्या सह्या आपण कधी ठोकल्या, ते भटूला काही केल्या आठवेना.

टाळ्यांच्या कडकडाटात शाल घालताना साहेब त्याच्या कानाशी लागले. "प्लेगच्या पहिल्याच दिवशी सुरतेहून सुटलेल्या भुसावळ पॅसेंजरमध्ये मला जागा दिलीस अन् स्वतः नंदुरबारपर्यंत उभा राहिलास. मी कुणाचे उपकार ठेवत नाही, दीकरा."